कोकणात राहून पोस्ट-हार्डकोर बँडचा पहिला अल्बम कसा काढायचा

आमचा नऊ गाण्यांचा पहिला अल्बम बाहेर यायला अडीच वर्षं लागली आणि त्यातलं एक अख्खं वर्ष निव्वळ माहिती नसल्यामुळे गेलं. आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यात वाजवणाऱ्यांची काय कमी नाही, डबलबारी भजनवाले आहेत, दशावताराचे साथीदार आहेत, लग्नातले ऑर्केस्ट्रा आहेत, पण किंचाळत गाणारा, सात मात्रांत तुटक वाजवणारा बँड आमच्या ओळखीत एकही नव्हता, मग विचारणार कोणाला. आता दर दोन महिन्यांनी कोणीतरी पोरगा नाहीतर पोरगी मला विचारते की तुम्ही कसं केलंत, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

नवीन माणसासाठी दोन ओळी. पोस्ट-हार्डकोर ही १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या हार्डकोर पंक या वेगवान, चिडक्या रॉकमधून फुटलेली फांदी, त्यात वॉशिंग्टन डीसीच्या बँडांचा मोठा वाटा. चीड तीच, पण गाण्यात अचानक शांतता येते, ताल मोडतो, दोन गिटारी एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. फुगाझी या बँडने आपला पहिला पूर्ण अल्बम १९९० साली काढला तो इनर इअर स्टुडिओत रेकॉर्ड करून, आणि तो स्टुडिओ मुळात एका माणसाच्या घराच्या तळघरात सुरू झालेला. ॲट द ड्राइव्ह-इन या बँडचा १९९६ चा पहिला अल्बम ६०० डॉलरमध्ये झाला असं सांगतात. हे सांगायचं कारण एवढंच की घरच्या खोलीत केलेलं काम या संगीतात कमी दर्जाचं धरत नाहीत, तेव्हा मुंबईला गेल्याशिवाय होणारच नाही हे डोक्यातून काढून टाका. पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, सगळा प्रश्न तिथे आहे. आमचे पैसे गेले ते कच्च्या गाण्यांवर.

काय काय लागतं:

- लॅपटॉप, आणि ज्यात किमान दोन इनपुट आहेत असा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडायची पेटी
- रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. आम्ही रीपर वापरलं, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, नंतर साधं लायसन्स ६० डॉलरचं
- शुअर एसएम५७ किंवा तसाच डायनॅमिक माइक, त्याच्यावर गिटारचा ॲम्प आणि किंचाळणं दोन्ही होतं
- बंद कानाचे हेडफोन, तारांचे जादा सेट, सिलिका जेलच्या पुड्या, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे
- दोन वेगळ्या हार्ड डिस्क
- प्रत्येकाचं पॅन कार्ड, आधार, रद्द केलेला चेक, शेवटी रॉयल्टीसाठी
- सगळ्यांच्या सह्यांचं एक पान, त्याबद्दल चौथ्या पायरीत

१. तारीख पंचांग आणि बाग बघून ठरवा

आम्ही पहिला प्रयत्न ऑगस्टमध्ये केला, कारण कॉलेजला सुट्ट्या जुळत होत्या. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तो मंगलोरी कौलांवर पडला की ड्रमच्या वर टांगलेल्या माइकमध्ये झांजेपेक्षा पाऊसच जास्त येतो, आणि तो आवाज नंतर सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही प्लगइनने निघत नाही. चार दिवसांचं काम आम्ही पुसून टाकलं.

मग कधी? गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, शिमग्यात पालखी आणि ढोल, मार्चपासून आंबा उतरायला लागला की ज्यांची बाग आहे तो माणूस तुमचा राहत नाही, आमचा गिटारवाला देवगडचा आहे, त्याला एप्रिलमध्ये फोन करण्यातसुद्धा अर्थ नसतो. उरते दिवाळीनंतर ते जानेवारी. हवा कोरडी, पाऊस नाही, रातकिडेही कमी. फक्त मोहोरावर फवारणी सुरू झाली की सकाळी शेजारच्या बागेत पंपाचं इंजिन चालतं, तेव्हा शेजाऱ्यांना आदल्या दिवशी जाऊन विचारा की उद्या फवारणी आहे का. आम्ही विचारलं आणि त्यांनी आमच्यासाठी एक दिवस पुढे ढकलली. लोक मदत करतात, सांगावं लागतं.

आमची बासवाली मुंबईत नोकरी करते, तुतारी नाहीतर कोकणकन्या एक्स्प्रेसने यायची. असा कोणी असेल तर तिकीट आधी काढा आणि मगच बाकीच्यांच्या तारखा धरा. बास वरच्या बर्थवर स्वतःजवळ ठेवायचा, सीटखाली नको, रात्रभर कोणाच्या ना कोणाच्या बॅगा त्याच्यावर आपटतात.

२. गाणी पडवीतच संपवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळे हीच गाळतात.

स्टुडिओचं भाडं तासावर असतं. तिथे बसून ब्रेकडाऊन, म्हणजे गाण्यातला संथ जड भाग, चार वेळा वाजवायचा की आठ वेळा यावर वाद घालायला लागलात तर ते पैसे तुम्ही वादाचे देताय. आम्ही गोव्यात पहिल्यांदा स्टुडिओ घेतला तेव्हा दोन दिवसांत नऊपैकी अडीच गाणी झाली, बाकी वेळ गिटारवाला आणि ड्रमर एकाच गाण्याचा शेवट वेगवेगळा समजत होते म्हणून गेला. एक वर्ष एकत्र वाजवूनसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण प्रॅक्टिसला आवाज इतका मोठा असायचा की शेवट कोणालाच नीट ऐकू येत नव्हता.

त्यानंतर आम्ही असं केलं. प्रत्येक गाणं आधी ॲम्प न लावता वाजवायचं, पडवीत बसून, इलेक्ट्रिक गिटारच्या नुसत्या तारा आणि ड्रमरच्या काठ्या उशीवर. चूक लगेच कळते. मग ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि प्रत्येकाने घरी ऐकून एका कागदावर गाण्याचा नकाशा लिहायचा, कुठे किती वेळा, कुठे थांबा, थांबा किती मात्रांचा. चौघांचे कागद जुळेपर्यंत ते गाणं पुढे न्यायचं नाही. पहिल्या गाण्याला चारही कागद वेगळे निघाले.

क्लिक, म्हणजे कानात ठरल्या वेगाने वाजणारी टिकटिक, लावून वाजवायचं की नाही हे प्रत्येक गाण्याचं वेगळं ठरवा. या संगीतात वेग मुद्दाम ओढायचा आणि सोडायचा असतो, शांत भागातून मोठ्या भागात जाताना दोन-तीन बीपीएम (मिनिटाला ठोके) वाढले तर गाणं जिवंत वाटतं, आणि सॉफ्टवेअरमध्ये टेंपोचा नकाशा बनवून क्लिकच तसा चढवता येतो. पण ड्रमरने दोन महिने आधीपासून त्या क्लिकवर सराव केलेला हवा. आदल्या रात्री क्लिक दिला तर तो घाबरूनच वाजवणार.

गाणी किती? पहिल्या अल्बमला तीस-पस्तीस मिनिटं भरपूर झाली. आमच्याकडे चौदा होती, पाच काढली. त्यातलं एक माझं सगळ्यात आवडतं होतं, ते काढताना दुखलं, पण तसलीच दोन आणखी होती.

३. मराठीत किंचाळायचं तर शब्द त्यासाठी निवडा

याच्यावर कुठेच काही लिहिलेलं सापडलं नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. लांब किंचाळीला उघडा स्वर लागतो, आ किंवा ओ. आपले बरेच मराठी शब्द उच्चारात व्यंजनावर संपतात, आकाश, पाऊस, माणूस, ते ओढायला गेलं की तोंड मिटतं आणि आवाज गळ्यात अडकतो. समुद्र हा शब्द आम्हाला हवाच होता पण शेवटच्या 'द्र'वर काहीच धरता येत नाही, शेवटी तो ओळीच्या मधे घातला आणि ओळ 'दर्या'वर संपवली.

मालवणी इथे फार कामाला येते. गेलो, सगळो, पडलो, झाडां, घरां, कितीतरी शब्द 'ओ' नाहीतर 'आं'वर संपतात. आमची एक ओळ आहे, "खंय गेलो रे सगळो गाव", ती आधी प्रमाण मराठीत लिहिली होती आणि मेली पडली होती, मालवणीत आणल्यावर गाणाऱ्याने पहिल्याच टेकला म्हटली. पण नुसती गंमत म्हणून बोली घालू नका. घरात जी बोलता तीच घाला, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. विषयही शोधत बसायला नको, आठ महिने कुलूप असलेली घरं आहेत, रस्त्यासाठी तोडलेली झाडं आहेत, विकलेल्या जमिनी आहेत.

गळ्याचं म्हणाल तर दिवसात दीड-दोन तासांपेक्षा जास्त किंचाळायचं नाही. दुखलं की तिथेच थांबायचं, दुखणं म्हणजे तंत्र चुकतंय. कोमट पाणी प्यायचं, आणि त्या दिवशी तळलेलं, तिखट लांब ठेवायचं, ॲसिडिटी वर आली की स्वरयंत्राला त्रास होतो. आवाज दोन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, घरगुती काढ्यावर महिना काढू नका.

४. गाणं कोणाचं, हे भांडण व्हायच्या आधी लिहा

कायद्याने एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगच्या बाबतीत १९५७ चा कॉपीराइट कायदा निर्माता त्याला मानतो जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो, म्हणजे उद्या ज्याने स्टुडिओचे पैसे भरले तो म्हणू शकतो की हे माझं. म्हणून एका पानावर लिहा: गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के कोणाचे, रेकॉर्डिंग चौघांच्या समान मालकीचं, आणि कोणी बँड सोडला तर त्याचा वाटा तसाच राहील. सगळ्यांच्या सह्या, तारीख. आम्ही सगळं समान ठेवलं.

कॉपीराइट गाणं तयार झालं की आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण करायची तर ऑनलाइन होते. शब्द किंवा चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये, आणि अर्जानंतर हरकतीसाठी ३० दिवस थांबावं लागतं. एखादं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, करार घेऊन आलं तर त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहिलंय का बघा. हक्कांच्या हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर भारत, पण छापील करारात बहुतेक 'कायमचं' आणि 'संपूर्ण जगात' असं लिहून आणलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सही नको.

आणखी एक सापळा. दशावतारातला झांज-पखवाज किंवा शिमग्याचा ढोल मोबाईलवर रेकॉर्ड करून गाण्याच्या सुरुवातीला लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. परंपरेतली चाल कोणाची नसते, पण त्या रात्री वाजवणारा माणूस असतो. त्याच्याकडे जा, विचारा, लिहून घ्या, पैसे द्या आणि अल्बमवर त्याचं नाव घाला. आम्ही पखवाजवाल्यांना घरी बोलावून रेकॉर्ड केलं, त्यांनी आमच्या सात मात्रांच्या गाण्यावर जे वाजवलं ते आम्हाला चौघांना मिळून सुचलं नसतं.

५. खोली, वीज आणि खारी हवा

जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर मिळालं तर सोडू नका. भिंती जाड आणि खडबडीत असतात, आवाज गुळगुळीत प्लास्टरच्या खोलीसारखा आपटून परत येत नाही. अडचण छपराची, कौलांतून आवाज आतही येतो आणि बाहेरही जातो. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्याने बाहेर जाणारा आवाज अजिबात थांबत नाही. आम्ही काथ्याच्या गाद्या कोपऱ्यात उभ्या केल्या, ॲम्पच्या मागे जाड गोधड्या टांगल्या, आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडली, त्या मोकळ्या जागेने फरक पडतो.

आता वीज, आणि हे नीट वाचा. गिटारमधून सतत घूंऽऽ येत असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. बरेच जण प्लगची वरची जाड पिन काढून टाकतात, आवाज जातोही. असं कधीही करू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर करंट गिटारच्या तारांमधून तुमच्या हातात येतो, आणि समोर माइकला ओठ लागलेले असतील तर जीव जाऊ शकतो. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन सुकली की अर्थिंग कमजोर पडतं, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, अर्धा आवाज तिथेच जातो. लाइट गेली म्हणून घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ॲम्प लावलात तर स्क्वेअर वेव्हची भुणभुण येणार. लाइट येईपर्यंत थांबा, जेवून घ्या.

खाऱ्या हवेने तारा आठवड्यात गंजतात, जॅक हिरवे पडतात. वाजवून झालं की तारा पुसा, गिटार केसमध्ये सिलिका जेलसह ठेवा. पावसाळ्यातून कोरड्या हवेत आलं की लाकूड हलतं आणि नेक, म्हणजे गिटारचा दांडा, वाकते, म्हणून रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी सेटअप, म्हणजे नेक आणि तारा जुळवणं, करून घ्या. खालच्या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा नेहमीपेक्षा ढिल्या करून ड्रॉप सी वगैरे सुरात, वाजवत असाल तर जाड तारा घाला, पातळ तार जोरात छेडली की सूर वर उडतो.

६. ड्रम बाहेर, बाकी घरी

ड्रमला आठ माइक, उंच छत आणि ते कळणारा माणूस लागतो, हे घरी जमवण्यापेक्षा दोन दिवस चांगला स्टुडिओ घ्या. आम्ही दुसऱ्यांदा त्याच गोव्याच्या स्टुडिओत गेलो आणि दोन दिवसांत नऊही गाणी झाली, माणसं तीच, गाणी तीच, मधले सहा महिने पडवीतले. ड्रमच्या कातड्या नव्या घाला आणि एक दिवस आधी बसवा. बाकीच्यांनी सोबत वाजवायचं, पण त्यांचं वाजवणं फक्त ड्रमरच्या कानासाठी.

गिटार, बास, गाणं घरी. सॉफ्टवेअरची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, लेव्हल लाल व्हायच्या खूप खाली, शिखर उणे दहा डेसिबलच्या आसपास पुरे. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका घरघरता आवाज, तुम्हाला प्रॅक्टिसला आवडतं त्यापेक्षा कमी ठेवा, दोन-तीन थर एकावर एक आले की ते आपोआप जाड होतं, आणि जास्त ठेवलं तर तुटक रिफचा, म्हणजे परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्याचा, तुटकपणाच जातो. माइक स्पीकरच्या मध्यापासून थोडा कडेला सरकवा आणि एकाने हेडफोन लावून ऐकत बसा, सेंटिमीटरभराने आवाज बदलतो. सोबत इंटरफेसमध्ये सरळ एक साफ सिग्नल पण घेऊन ठेवा, पुढे ॲम्पचा आवाज आवडला नाही तर तोच परत ॲम्पमधून काढता येतो. आमची दोन गाणी याच्यामुळेच वाचली.

७. मिक्सिंगला पाठवताना

मिक्सिंग म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि गळा एकत्र जुळवणं. प्रत्येक ट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग, गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा, नावं साधी ठेवा, आणि सोबत कच्चं मिक्स द्या. मिक्स करणाऱ्याला मराठी येत नसेल तर शब्द अर्थासकट पाठवा. आमच्या पहिल्या मिक्समध्ये आवाज गिटारींच्या खाली गाडला गेला होता, त्याला वाटलं किंचाळणं म्हणजे आणखी एक वाद्य. शब्दांचा अर्थ पाठवल्यावर त्याने स्वतःहून तीन ठिकाणी आवाज वर काढला. सुधारणा किती वेळा मिळणार हे आधी ठरवा, आणि चौघांच्या सूचना एकाच कागदावरून एकाच माणसाने पाठवायच्या.

मास्टरिंग, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यांवरचा शेवटचा हात, त्याबद्दल फार बोलत नाही. वेगळ्या माणसाकडून करा. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, तेव्हा ऊर फुटेस्तोवर जोरात करून काही मिळत नाही, उलट शांत आणि मोठ्या भागातला फरक मरतो.

८. अपलोड

आधी बँडचं नाव सगळ्या ॲपवर शोधा. त्याच नावाचा दुसरा कोणी असेल तर गाणी त्याच्या प्रोफाइलवर जाऊन बसतात आणि ती काढायला आठवडे लागतात. नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर वेबसाइट किंवा किंमत नको. प्रत्येक गाण्याचा बारा अक्षरी आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, बहुतेक डिस्ट्रिब्युटर (तुमची गाणी ॲपवर पोचवणाऱ्या कंपन्या) देतात, तो लिहून ठेवा, डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच लागतो. काहींकडे वार्षिक पैसे भरले नाहीत की गाणी खाली उतरतात, भरण्याआधी ती अट वाचा.

प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी सगळं चढवा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी द्यावं लागतं. आणि पैशांची अपेक्षा नीट ठेवा, तिथे वर्षात १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. आमच्यासारख्यांना बँडकॅम्प ही गाणी थेट विकायची साइट बरी, डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात, बाकी तुमचे, पेमेंट फी वजा जाऊन. शब्द आणि चालीच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सभासदत्व घ्या.

९. पहिला कार्यक्रम

हॉल गावातला घ्या, पोलीस ठाण्यात लाउडस्पीकरची परवानगी काढा, आणि रात्री दहाच्या आत संपवा, ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंदच सांगतात. साउंडवाला डबलबारीचा घ्या. त्याला पखवाज आणि दोन बुवांचा चढा आवाज सांभाळायची सवय असते, किक ड्रम त्याने आमच्याकडे पाच मिनिटांत बसवला. फक्त इको बंद करायला सांगा, ते त्यांचं कायम चालू असतं. गावातले म्हातारे पहिल्या रांगेत येऊन बसले तर उठवू नका, कापूस द्या, आमच्याकडे बसले होते आणि शेवटपर्यंत थांबले.

१०. फाइली दोन गावांत ठेवा

मास्टर, वेगळे ट्रॅक, प्रोजेक्ट फाइली, सह्यांचं पान, सगळं दोन डिस्कवर. एक तुमच्याकडे आणि दुसरी दुसऱ्या गावात, कारण २०२० ला निसर्ग वादळ झालं, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, एका घरात ठेवलेल्या दोन डिस्क एकदमच जातात. आमची दुसरी बासवालीकडे डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर आहे. सहा महिन्यांनी एकदा जोडून फाइली उघडतात का ते ती बघते आणि ग्रुपवर मेसेज टाकते.